खाजनावरचे लेख शोधताना: माझा अनुभव

पीएचडीसाठी खाजन शेती हा विषय पक्का झाला आणि गाइड सरांनी पहिलं काम सांगितलं ते साहित्याचा आढावा घेण्याचं. माझं आजोळ गोव्यातल्या कुंभारजुव्याचं. भरतीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, मानशीच्या दारातून हवं तेवढंच आत घ्यायचं, पावसाळ्यात कोरगुट भात आणि नंतर मासळी, हे खाजनाचं चक्र लहानपणापासून बघितलेलं. त्यावर कुठे कुठे काय लिहून आलंय ते हुडकायचं म्हणजे मात्र वेगळंच काम. मी एकाच विषयाचा शोध मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतींनी घेतला आणि वहीत तुलना मांडत गेले. गोव्याच्या स्थानिक विषयावर काम करणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीलाच सरांनी एक कसोटी दिली होती. ते म्हणाले, "विषयावरचे जे चार चांगले लेख तुला आधीच ठाऊक आहेत, ते पहिल्या पानावर लिहून ठेव. कुठलाही शोध लावलास की ते त्यात सापडतात का बघ. सापडले नाहीत तर तुझे शब्द कमी पडताहेत." शेकड्यांनी निकाल आले की शोध चांगला झाला असं वाटायला लागतं. ही कसोटी तो भ्रम टिकू देत नाही.

पहिली पद्धत सगळ्या कार्यशाळांत शिकवतात ती, गट पाडण्याची. विषयाचे तुकडे करायचे: जागा, जमीन, पाणी. प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द 'ऑर'ने (यांपैकी कोणताही चालेल) जोडायचे आणि मग हे गट एकमेकांना 'अँड'ने (सगळे हवेत). खाजन शब्दाची रोमन स्पेलिंगं 'झेड'ची आणि 'जे'ची अशी दोन्ही घ्यावी लागतात. शेवटी तारा (*) लावला की अनेकवचनंही येतात, पण त्याच ताऱ्यामागून मलेशियाच्या 'खझाना' या सरकारी गुंतवणूक संस्थेवरचे अर्थशास्त्राचे लेखही आत येतात.

खरी परीक्षा घेतली ती 'गोवा' या शब्दाने. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये लहान-मोठी अक्षरं एकच धरतात. संगणकशास्त्रात नाकतोड्यांच्या थव्यावरून बेतलेलं 'ग्रासहॉपर ऑप्टिमायझेशन अल्गोरिदम' आहे, त्याचं लघुरूप रोमन लिपीत अगदी आपल्या राज्याच्या नावासारखंच. जीवशास्त्रातल्या 'जीन ऑन्टॉलॉजी अ‍ॅनोटेशन'चंही तेच. त्यात 'ऑल फील्ड्स'मध्ये शोधलं तर लेखकाच्या पत्त्यातला गोवासुद्धा मोजला जातो, आणि मग वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचे अंटार्क्टिकावरचे लेख समोर येतात. म्हणून शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यापुरताच ठेवायचा आणि गोव्याला एकटं सोडायचं नाही. भात, क्षारता, खाडी यांपैकी काहीतरी सोबत हवंच. 'नॉट' लावून नाकतोडे हाकलण्यापेक्षा हे बरं, कारण 'नॉट'च्या तडाख्यात कामाचा लेखही कधी उडतो.

तोच शोध दुसऱ्या डेटाबेसमध्ये जसाच्या तसा चालत नाही, हे तर प्रत्येकाने गाठीला बांधून ठेवावं. सायन्सडायरेक्ट तारा मानत नाही आणि एका चौकटीत आठच जोडशब्द घेतं. गुगल स्कॉलरला सुमारे 256 अक्षरांपुढे प्रश्न झेपत नाही, आणि निकाल कितीही दाखवले तरी प्रत्यक्षात पहिले 1000च उघडून बघता येतात. जेस्टोरमधल्या बऱ्याच लेखांना सारांशच नाही, त्यामुळे तिथे फक्त सारांशात शोधणं म्हणजे अर्धंअधिक भांडार बंद ठेवणं. तिथे मी संपूर्ण मजकुरात, दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असावेत अशी अट घातली. गावकरी (गावची सामूहिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि बांधदुरुस्ती यांच्या इतिहासावरचे लेख त्यातूनच हाती आले.

दुसरी पद्धत एका चांगल्या लेखापासून सुरू होते. तो पूर्ण वाचायचा, त्याचे कीवर्ड, सारांशातले शब्द टिपायचे आणि त्या शब्दांनी पुन्हा शोध घ्यायचा. ओळखीचं कोरगुट शोधशब्द म्हणून वापरायचं हे, आणि केरळच्या पोक्काळी भाताचं नाव, मला असं मिळालं. कोरगुट टाकलं की येणारी यादी छोटी, पण जवळजवळ सगळी कामाची. याच वाटेने कळलं की मृदाशास्त्रज्ञ खाजनाचं नावही न घेता 'किनारी क्षारयुक्त जमीन' म्हणून लिहितात.

तिसरी पद्धत उद्धरणांचा माग काढण्याची, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो हिच्यावर. लेखाच्या संदर्भसूचीतून मागे जायचं, आणि त्या लेखाला पुढे कोणी उद्धृत केलंय ते बघत पुढे यायचं. यूजीन गारफील्ड यांनी 1964 साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो याच कल्पनेवर. इथे शब्दांची अडचणच उरत नाही. खाजनावरच्या लेखांपासून निघून मी पश्चिम आफ्रिकेतल्या खारफुटीच्या भातशेतीपर्यंत पोचले. बांध, भरती, गोड पाण्याने मीठ धुऊन काढणं, तिथलेही प्रश्न तेच. त्या लेखांच्या शीर्षकात ना गोवा, ना खाजन. गट पाडून ते कधीच सापडले नसते. स्कोपसपेक्षा गुगल स्कॉलर इथे जास्त देतं, कारण प्रबंध आणि अहवालांतली उद्धरणंही ते धरतं. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं डिजिटल भांडार आणि शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध मात्र वेगळे उघडून बघावेत.

त्यामुळे आपल्यासारख्या विषयांना शिकवला जातो तो क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत झालं आहे. वैद्यकाचं ठीक आहे. पबमेडमध्ये जाणकार माणसांनी ठरवलेली 'मेश' विषयशीर्षकं आहेत, गट पाडले की भागतं. खाजनाला असं तयार शीर्षक कोणी दिलेलं नाही. आधी उद्धरणांचा माग, त्यातून शब्द, आणि गटांचा मोठा शोध सगळ्यात शेवटी. या क्रमाने केलेला शोधच वहीच्या पहिल्या पानावरच्या सगळ्या लेखांना धरून आला.

1 जानेवारी 2025पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, त्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं आहेत. पूर्वी सारांशावर अडकलेले काही लेख त्यामुळे पूर्ण वाचता आले. प्रत्येक शोधाची ओळ, तारीख आणि डेटाबेसचं नाव मी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडणार आहे, म्हणजे परीक्षकांना तोच शोध पुन्हा लावून बघता येईल.

पोर्तुगीज काळातलं लेखन यातल्या कुठल्याच पद्धतीत पुरेसं आलं नाही. त्यासाठी आता पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसते आहे. 1832 साली सुरू झालेल्या या ग्रंथालयातली जुनी पोर्तुगीज नियतकालिकं चाळायची, तर एकेका खंडाची अनुक्रमणिका हातानेच उलटावी लागते.