वायर तुटली तर इंजिन कुठं जाणार?

मागच्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर गॅरेजमधलं विमान दाखवत होतो. मी इकडे विस्कॉन्सिनमध्ये, ते सांगलीत. आयुष्यभर लूना आणि स्कूटर स्वतः खोललेला माणूस, कार्ब्युरेटर दिसला की राहवत नाही. म्हणाले, "अरे, स्प्रिंग उलटी बसवलीयस तू."

उलटी नाहीये. स्कूटरची अ‍ॅक्सिलेटर वायर तुटली की स्प्रिंग कार्ब्युरेटरमधली स्लाइड खाली दाबून हवेची वाट बंद करते, इंजिन आयडलला येतं, आपण शिव्या घालत गाडी कडेला घेतो. रोटॅक्स 582 सारख्या छोट्या विमानांच्या टू-स्ट्रोक इंजिनावर पण तेच. माझं इंजिन रोटॅक्सचंच 912 यूएलएस आहे, 100 हॉर्सपॉवरचं, दोन बिंग कार्ब्युरेटरवालं, आणि त्यात स्प्रिंग थ्रॉटल (कार्बमधली हवेची झडप) उघडते आणि वायर तो बंद करते, म्हणजे वायर तुटली तर फुल रेस. वर कडेला घ्यायला जागा कुठाय? फुल पॉवर असेल तर नाक वर धरायचं, आरपीएम 5500 च्या आत ठेवायचं (5800 फक्त 5 मिनिटं चालतं), चढत चढत एअरफील्डच्या डोक्यावर यायचं आणि मग इग्निशन बंद करून ग्लाइड करत उतरायचं. प्रत्येक कार्बची वायर वेगळी, त्या दोनातली एकच तुटली तर एक कार्ब फुल, दुसरा आयडलला, इंजिन नुसतं थडथडतं, तेव्हा केबिनमधला थ्रॉटल लिव्हर पुढं ढकलून दुसरा पण फुल करायचा.

आता भानगड अशी की स्प्रिंगा कडक असतात. ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघताना, रेडिओ लावायला हात काढला की लिव्हर आपोआप पुढं सरकायचा, लिव्हर जागेवर धरणारा फ्रिक्शन नॉब आवळून आवळून मनगट दुखायचं, म्हणून बरेच जण करतात तसं मीही हलक्या स्प्रिंगा टाकल्या. इंजिन बंद ठेवून कार्बपाशी वायर सोडली, दोन्ही थ्रॉटल टकाटक उघडले. खूश!

रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं, वायर कार्बपाशीच तुटेल कशावरून? लूनाची तर कायम हँडलपाशी, निप्पलजवळच तुटायची.

सकाळी चहाच्या आधी केबिनमधल्या लिव्हरपाशी वायर सोडून बघितली. उजवा स्टॉपपर्यंत गेला, डावा अर्ध्यात अडकला. कारण इथून तुटली तर स्प्रिंगला अख्खी वायर केसिंगमधून ओढत न्यायची असते, आणि एक्झॉस्ट चुकवायच्या नादात मी डावीकडं जिलबीसारखं वळण दिलं होतं. चूक माझीच. क्लिपा काढल्या, वळण मोठं केलं, आणि मधल्या ताकदीच्या स्प्रिंगा शोधल्या, दोन्ही सारख्याच हव्यात, बॅगा तोलायच्या हुकवाल्या काट्यावर ओढून बघितल्या. आता कुठल्याही टोकाला वायर सोडली तरी दोन्ही थ्रॉटल आयडलवरून थेट स्टॉपला. मनगट अजून थोडं दुखतं, चालेल. (इंजिन चालू ठेवून हा प्रयोग करू नका, प्लीज.)

जुन्या स्प्रिंगचा हुक काढल्यावर कार्बवरच्या लिव्हर-आर्मच्या भोकात चकाकणारी घासलेली रेघ दिसली. एवढ्याशा ग्राउंड रनमध्ये! म्हणून आता हुक पण चेकलिस्टवर घेतलेत.

बाबांना फोटो पाठवला. रिप्लाय आला, "वायरला ग्रीस घाल." केसिंगला आतून टेफ्लॉन आहे, ग्रीस घालायचं नसतं, पण ते त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. दोन कार्ब सिंक करायचे, म्हणजे एकसारखे चालतील असे जुळवायचे राहिलेत, व्हॅक्यूम गेज मागून आणलाय, शनिवारी बसतो.