काउंटर, कॉन्सुलेट आणि कलम 86

दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम 86 बहुतेक वकील परीक्षेपुरतं वाचतात. परदेशी राज्यावर, म्हणजे दुसऱ्या देशाच्या सरकारवर, भारतातल्या कोर्टात दावा लावायचा असेल, तर आधी केंद्र सरकारची संमती लागते आणि ती सचिवाने लेखी प्रमाणित केलेली असावी लागते. मीही हे एकदा पाठ करून विसरले होते. 2014 मध्ये ते माझ्या टेबलावर आलं, जोगेश्वरीला वर्कशॉप असलेल्या एका सुतारकामाच्या कंत्राटदारामुळे.

मूळचे कुडाळकडचे. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, म्हणून माझे ते मेस्त्रीकाका. मुंबईतल्या एका परदेशी कॉन्सुलेटच्या व्हिसा विभागाचं सगळं फर्निचर त्यांनी केलं होतं. लांबलचक काउंटर, मागे कपाटं, मध्ये पार्टिशन. अॅडव्हान्स मिळाला होता, बाकी सहा लाखांच्या वर अडकली होती. काम ताब्यात घेतलं गेलं, दुसऱ्या दिवसापासून लोक त्या काउंटरसमोर रांगेत उभे राहायला लागले. मग ज्या अधिकाऱ्याने काम दिलं होतं त्याची बदली झाली. नवा आला तो म्हणाला, फाइल बघतो. त्याच्यानंतरचा म्हणाला, फाइलच नाही.

काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. कॉन्सुलेटच्या लेटरहेडवरची वर्क ऑर्डर होती, काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत पैसे देऊ असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. माल दिल्याच्या प्रत्येक चलानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आणि सही. कागद इतके चोख होते की समोर एखादा बिल्डर असता, तर मी त्याच आठवड्यात दावा दाखल केला असता.

"माका तेंच्या सरकाराचा काय एक कळणा नाय, मॅडम," काका म्हणाले. "काउंटर केलंय, पैशे होये."

तारीख बघितली आणि माझ्या लक्षात आलं, दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपत आली होती. आता संमती मागायची, ती येईपर्यंत थांबायचं आणि तोवर मुदत गेली तर? इथे मुदतीचा कायदा माणसाच्या बाजूने आहे. ज्या दाव्याला सरकारची संमती लागते, त्याच्या मुदतीतून संमती मिळवायला लागलेला वेळ वगळला जातो. कलम 15, पोटकलम 2. फक्त अर्ज मुदतीच्या आत जायला हवा. मी दोन रात्री बसून तो तयार केला आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवला.

दुसरी वाट आहे का, हेही शोधून पाहिलं. इथियोपियन एअरलाइन्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये म्हटलं होतं की ग्राहक कायद्याखालच्या तक्रारीला कलम 86 ची संमती लागत नाही. मुंबईहून दार-एस-सलामला पाठवलेल्या रंगद्रव्यांच्या मालाचं ते प्रकरण. पण काका ग्राहक नव्हते, माल आणि काम देणारे होते. ते दार बंद. वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाबाहेर निवाड्याला द्यायची अट असती, तर काही हालचाल करता आली असती. तेही नव्हतं.

काही महिन्यांनी सुनावणीची नोटीस आली. काका खूश झाले, सरकार आपलं ऐकून घेणार म्हणून. मला मात्र धडकी भरली. कारण कायदा असा आहे की संमती द्यायची असेल तर सुनावणी घ्यायची गरजच नाही. नाकारायची असेल तेव्हाच अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे पारडं विरुद्ध बाजूला झुकलं होतं. सोबत कॉन्सुलेटचं म्हणणं जोडलं होतं, एकाच परिच्छेदाचं. व्हिसा देणं हे सार्वभौम कार्य आहे, सदर काम त्या कार्यासाठीच होतं, सबब आम्हाला कोर्टापासून संरक्षण, म्हणजे इम्युनिटी, आहे.

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, कारण या विषयातला दोनशे वर्षांचा वाद नेमका याच जागी आहे. 1812 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका फ्रेंच युद्धनौकेच्या खटल्यात म्हटलं, एक सार्वभौम दुसऱ्या सार्वभौमाला आपल्या कोर्टात उभं करत नाही. पुढे सरकारं स्वतः जहाजं चालवू लागली, सिमेंट विकत घेऊ लागली, कर्जं काढू लागली, आणि बिल द्यायची वेळ आली की तीच ढाल पुढे धरू लागली. मग देशोदेशीच्या कोर्टांनी फरक करायला सुरुवात केली: राज्य म्हणून केलेली कृती वेगळी, बाजारात उतरून केलेला व्यवहार वेगळा. युरोपातल्या देशांनी 1972 मध्ये बासेलला करार केला. अमेरिकेने 1976 मध्ये आणि ब्रिटनने 1978 मध्ये आपापले कायदे केले. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने 1978 पासून या विषयाचा मसुदा हाती घेतला, आणि अखेर 2 डिसेंबर 2004 रोजी आमसभेने राज्यं व त्यांच्या मालमत्तेच्या इम्युनिटीविषयीचा करार स्वीकारला. त्याचा अनुच्छेद 10 सांगतो की व्यापारी व्यवहारात परदेशी राज्याला इम्युनिटीचा आधार घेता येणार नाही. भारताने त्यावर जानेवारी 2007 मध्ये सही केली. पण मंजुरी दिलेली नाही. करार अमलात यायला 30 देशांची मंजुरी लागते, तेवढीही झालेली नाही.

तर 2015 च्या मार्चमध्ये आम्ही दिल्लीला गेलो. जनपथावरचं जवाहरलाल नेहरू भवन. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि काखेत ड्रॉइंगची गुंडाळी. "ही कशाला आणलीत?" मी विचारलं. म्हणाले, "कामाचं आहे म्हणजे ड्रॉइंग नको का?" मी काही बोलले नाही. माझ्या बॅगेत निकालांच्या प्रती होत्या आणि माझा सगळा भरवसा त्यांच्यावर होता.

दालनात टेबलापलीकडे कायदे आणि करार विभागाचे एक अधिकारी आणि प्रोटोकॉलच्या, म्हणजे परदेशी वकिलातींशी संबंध बघणाऱ्या विभागाच्या, एक बाई. दोघांनीही अर्ज नीट वाचलेला होता, हे पहिल्या प्रश्नातच कळलं. अधिकारी म्हणाले, कलम 86 प्रमाणे चारच परिस्थितींत संमती देता येते. इथे तुम्ही म्हणता, ते राज्य कोर्टाच्या हद्दीत व्यापार करतं. व्हिसा काउंटर बनवून घेणं हा व्यापार कसा?

मी कोलोनचं उदाहरण दिलं. तिथल्या इराणी वकिलातीत एका कारागिराने हीटिंगची दुरुस्ती केली होती. बिल तीनशे मार्कांच्याही आतलं, आणि ते मिळालं नाही. प्रकरण थेट जर्मनीच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं. 1963 मध्ये त्या न्यायालयाने म्हटलं की व्यवहाराचा हेतू बघू नका, त्याचं स्वरूप बघा. हेतू बघायला गेलं तर राज्याची प्रत्येक खरेदी कुठल्या ना कुठल्या सार्वभौम कामाशीच जाऊन भिडते, मग इम्युनिटीबाहेर काही उरतच नाही. दुरुस्तीचा करार कुणीही करू शकतो, म्हणून तो व्यापारी.

"जर्मनीत," अधिकारी म्हणाले. "आणि 2004 च्या कराराचा दाखला देणार असाल, तर त्यात स्वरूपासोबत हेतूलाही जागा ठेवली आहे. शिवाय तो अमलात नाही आणि आपण मंजूर केलेला नाही."

तिन्ही मुद्दे बरोबर होते. अनुच्छेद 2 मध्ये तडजोड आहे: मुख्यतः स्वरूप बघायचं, पण पक्षांनी तसं ठरवलं असेल किंवा खटला चालतो त्या देशाच्या रिवाजात हेतूला महत्त्व असेल, तर हेतूही बघायचा. म्हणून मी घरच्या निकालाकडे वळले. दिल्लीतल्या अल्जीरियाच्या वकिलातीत दुरुस्ती-देखभालीचं काम केलेल्या एका कंत्राटदाराला संमती नाकारली गेली होती, आणि कारण राजकीय असल्याचं कळवलं गेलं होतं. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नकार मान्य केला नाही. नीट विचार करून, कारणांनिशी नव्याने निर्णय घ्या, असं सांगितलं. तो माणूस आणि माझे काका यांच्यात मला तरी काही फरक दिसत नव्हता.

मग अधिकाऱ्यांनी परस्परभावाचा मुद्दा काढला. आपल्या वकिलाती जगभर आहेत, आपण इथे जे दार उघडू ते तिथे आपल्याविरुद्ध उघडेल. त्यावर मी जे बोलले ते मला आजही तितकंच पटतं. ते दार तिथे केव्हाच उघडलेलं आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये एखाद्या इंग्रज सुताराने कपाटं बसवली आणि त्याचे पैसे थकले, तर ब्रिटनच्या 1978 च्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे तो भारत सरकारवर सरळ कोर्टात जाऊ शकतो. त्याला स्वतःच्या सरकारची परवानगी मागावी लागत नाही. जोगेश्वरीच्या सुताराला मात्र मुंबईतल्या कोर्टाची पायरी चढण्याआधी दिल्लीला येऊन विचारावं लागतं. यात परस्परभाव कुठे आहे? माझा आवाज चढला होता. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं.

तेवढ्यात प्रोटोकॉलच्या बाई काकांकडे वळल्या. "आपने उनके लिए कुछ अलग बनाया था क्या? जो किसी और के लिए नहीं बनाते?"

काका उठले आणि त्यांनी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. कोपरे वळत होते, त्यावर एक पेपरवेट आणि माझा चष्म्याचा डबा ठेवला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पार्ल्याच्या एका दातांच्या दवाखान्याचं नाव टाइप केलेलं होतं. ते पेन्सिलीने खोडून शेजारी कॉन्सुलेटचं नाव लिहिलं होतं. काउंटरच्या उंचीचा आकडाही तसाच खोडून बदललेला. बाकी सगळं जसंच्या तसं.

"साहब, डेंटिस्ट का काउंटर और इनका काउंटर एकही है," काका म्हणाले. "प्लाय वही अठारा एमएम, सनमायका वही, ड्रॉवर का चॅनल वही. इनका दो इंच ऊंचा किया, बस. आदमी खडा रहके फॉर्म भरता है ना."

अधिकारी पुढे वाकून बघत राहिले. त्यांनी खोडलेल्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे कधी लिहिलंत? काकांनी ऑर्डर कधी आली, त्यांच्या माणसाने वर्कशॉपमध्ये येऊन दवाखान्याचा नमुना कसा पाहिला, असंच पाहिजे कसं म्हणाला, सगळं सांगितलं. त्या माणसाची सही ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला होती. मी ते ड्रॉइंग कधी उलटून पाहिलंच नव्हतं, कारण माझ्या समोर ते पहिल्यांदाच उघडलं जात होतं.

जर्मन न्यायाधीशांनी पानंच्या पानं लिहून जी कसोटी सांगितली, ती त्या एका कागदावर होती. खासगी माणूस जो व्यवहार करू शकतो, तो राज्याने केला म्हणून सार्वभौम होत नाही. दातांच्या डॉक्टरने तोच व्यवहार आधी केला होता, त्याच मापांत, त्याच मेस्त्रीकडून. बाईंनी ड्रॉइंगची प्रत रेकॉर्डवर घेतली आणि सुनावणी संपली.

संमती आली. आम्ही सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावला, प्रतिवादी अर्थातच कॉन्सुलेट नव्हे, ते राज्य. समन्स मंत्रालयामार्फत गेलं. उत्तर दाखल व्हायच्या आधीच कॉन्सुलेटच्या वकिलाचा फोन आला: मुद्दल पूर्ण देतो, व्याज नाही, दावा मागे घ्या.

मला व्याजासाठी लढायचं होतं. चार वर्षं एका छोट्या माणसाचे पैसे वापरले होते, आणि त्या काळात काकांनी कारागिरांचे पगार कर्ज काढून दिले होते. पण हिशेब मांडून बसले तेव्हा दिसलं, कोर्टाचा हुकूमनामा मिळाला तरी दरखास्तीसाठी, म्हणजे त्याची वसुली करायला, केंद्र सरकारची पुन्हा वेगळी संमती लागेल. आणि ती मिळाली तरी जप्त काय करणार? वकिलातीच्या रोजच्या खर्चाचं बँक खातं हात लावण्यापलीकडचं असतं. कोलंबियाच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1984 मध्ये तेच सांगितलं, 2004 च्या कराराचा अनुच्छेद 21 ही खाती नाव घेऊन वगळतो. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मुद्दल घेतलं. व्याज गेलं.

या कायद्यावरचा माझा राग तिथून सुरू झाला आणि तो कमी झालेला नाही. परदेशी राज्याचा मान राखायलाच हवा, त्यांच्या वकिलातीत बेलिफ घुसू नये, हे मला मान्य आहे. पण एखादा व्यवहार व्यापारी की सार्वभौम, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे. मला चांगले अधिकारी भेटले, म्हणून काकांचं काम झालं. ज्या देशाशी त्या महिन्यात काही नाजूक बोलणी चालू असतील, त्याचं काम केलेल्या सुताराचं काय? 2004 च्या करारावर आपण सही केली आहे. तो मंजूर करून त्याप्रमाणे कायदा केला, तर हा प्रश्न दिल्लीतल्या दालनातून मुंबईतल्या कोर्टरूममध्ये येईल. ही मागणी मी बार असोसिएशनच्या प्रत्येक व्यासपीठावर करते.

तोवर जे हातात आहे ते करायचं. 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टाने अफगाणिस्तानची वकिलात आणि इथियोपियाचं शिक्षण मंत्रालय यांच्याविरुद्धच्या प्रकरणांत सांगितलं की व्यापारी व्यवहारातून झालेल्या लवाद निवाड्याच्या अंमलबजावणीला कलम 86 ची संमती लागत नाही. त्यामुळे वकिलातींची कामं घेणारा कुणी माझ्याकडे आला, की वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी मी त्यात दोन गोष्टी घालायला लावते: वाद झाला तर मुंबईत लवाद, आणि इम्युनिटीचा हक्क या कामापुरता आणि अंमलबजावणीपुरताही सोडल्याची लेखी कबुली.

वर्कशॉप आता काकांचा मुलगा चालवतो. मध्यंतरी एका दुसऱ्या कॉन्सुलेटने दुसरी अट खोडून ऑर्डर परत पाठवली. मुलाने मला फोन केला. मी म्हटलं, मग अॅडव्हान्स सत्तर टक्के माग आणि उरलेले माल उतरवण्याआधी. त्याने मागितले आणि त्यांनी दिले.