शिळं पाणी

आमच्या घरी दोन गोल्डफिश आले तेव्हा लेकीनं त्यांना आमच्या बेळगावकडच्या दोन मिठायांची नावं ठेवली, कुंदा आणि करदंट. करदंट चांगला नारिंगी होता. कुंदा मात्र मातकट तपकिरी, म्हणून तर ते नाव. गोल्डफिश लहानपणी असाच असतो, सोनेरी रंग मागाहून चढतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुकानदारानं त्याचे दहा रुपये कमी केले एवढंच कळलं, आणि मी खुशीत दोघांना पिशवीत घालून वडगावात आणलं.

भांडं गोल, काचेचं, पाच लिटर मावेल न मावेल असं. "एवढ्यात दोन राहतील काय हो?" मी विचारलं होतं.

"भांड्याएवढाच वाढतोय की साहेब मासा."

वाक्य इतक्या सहज आलं की मला ते निसर्गनियमच वाटलं. घरी येऊन जरा विचार केला असता तर तिथंच पकडला असता त्याला. आमचं घर म्हणजे रस्त्याला दहा फुटांचं तोंड आणि आत आगगाडीच्या डब्यासारखी खोलीमागे खोली, शेवटी हातभर परडं. त्या घरात आम्ही सातजण वाढलो आणि धाकटा भाऊ सहा फूट झाला. मधल्या दाराच्या चौकटीला त्याच्या कपाळाची खूण आहे. घराएवढंच वाढायचं असतं तर त्याला शाळेचा गणवेश दरवर्षी नवा लागला नसता.

पण आम्हाला गल्ली होती. घरात फक्त झोपायला आणि मार खायला यायचं, बाकी सगळं आयुष्य बाहेर. पलीकडच्या घरातला माग खटखटत असायचा, त्याच्या तालावर अभ्यास सोडून सगळं चालायचं. माशाला गल्ली नसते. त्याचं स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मोरी, सगळं एकच. तेही पाच लिटर, दोघांत.

आता पाण्याचं सांगतो. शहराच्या काही भागांत नळाला चोवीस तास पाणी आलंय म्हणतात. आमच्याकडे अजून पाळी आहे. राकसकोप काय आणि हिडकल काय, जलाशय कितीही भरलेले असोत, गल्लीत पाणी ज्या दिवशी येईल तो सण. "पाणी आलं!" अशी एक हाळी उठते, मग ती रात्री अडीचला का असेना, आणि आई उठते. आईचा कायदा साधा आहे. जुनं पाणी शिळं. शिळं ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. परड्यातलं निळं पिंप, तांब्याचा हंडा, कळशी, सगळं लख्ख.

माशांचं भांडंही तिनं याच कायद्यात घेतलं. मासे तांब्यात काढायचे, काच राख आणि काथ्या लावून घासायची, खालचे खडे गरम पाण्यानं धुवायचे, मग नळाचं ताजं पाणी गळ्यापर्यंत. "भरलेलं बरं दिसतंय," ती म्हणायची. दिसायचंही. गोल भांडं गळ्यापर्यंत भरलं की वरचं पाणी बशीएवढं उरतं, आणि हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो तो त्या बशीतूनच, हे कोण सांगणार?

दुसऱ्या आठवड्यात दोघं वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. लेक म्हणाली, बोलालेत. आई म्हणाली, भुकेजलेत. मी दाणे टाकले. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळं कधीही टाका, तो खातो. त्यानं खाल्लं म्हणजे त्याला भूक होती, हा आमचा पुरावा. हॉस्टेलवरून आलेल्या पोराला आई जशी वाढते तशी ती माशांना वाढत होती.

एका पाण्याच्या दिवसानंतर सकाळी कुंदा आडवा तरंगत होता. शेपटीच्या मुळाशी नुकतीच कुठं नारिंगी रेघ उमटली होती. लेकीनं परड्यातल्या जास्वंदीखाली खड्डा केला. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई तेवढी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "कालच तर पाणी बदललं की रे."

मग मी दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथं म्हातारे गृहस्थ, गळ्यात मफलर. मी मराठीत सुरू केलं, त्यांनी अर्धं मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये झडती घेतली. भांडं केवढं? पाणी कुठलं? किती दिवसांनी बदलता? माझी उत्तरं ऐकून त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, "मीन अल्लरी, नीर साकबेक." मासा नव्हे हो, पाणी पाळायचं असतं.

पाणी पाळायचं म्हणजे काय, ते त्यांनी एका काळपट स्पंजाचा तुकडा दाखवून सांगितलं. मासा श्वास सोडतो तसा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो विषारी. पण खड्यांवर, काचेवर, स्पंजात हळूहळू जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही वस्ती नीट बसायला चारसहा आठवडे लागतात. मग थोडं थोडं पाणी बदलत राहायचं, सगळं एकदम कधी नाही. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मासा आणि जिवाणू दोघांनाही बाधतं. एकतर त्याचा उतारा म्हणून मिळतं ते औषध घालायचं, नाहीतर पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं.

म्हणजे आम्ही दर पाळीला काय करत होतो, तर चार दिवसांत जेमतेम बसलेली वस्ती राख लावून उठवत होतो आणि वर ताजं क्लोरीन ओतत होतो. कुंदा घाणीनं गेला नाही. लख्खपणानं गेला. माशाला हवं ते पाणी आमच्या परड्यात निळ्या पिंपात होतं, शिळं म्हणून ओतून टाकायचं.

"आणि भांड्याएवढा वाढतो ते?" मी विचारलं. म्हातारे हसले. वाढ खुंटते ती घाण पाण्यानं, शिस्तीनं नव्हे. साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो. एकाला निदान पाऊणशे लिटर पाणी हवं, म्हणाले. आमच्या पिंपात दोनशे मावतं. सहा माणसांची चार दिवसांची सोय म्हणून आम्ही ते भरतो, आणि त्याच्या शेजारी दोन जीव पाच लिटरमध्ये.

घरी येऊन मी वाचत बसलो. इंग्लंडात १९५६ साली जत्रेत जिंकून आणलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये, त्रेचाळीस वर्षांचा होऊन वारला. आमचा कुंदा दीड महिना टिकला. रोम शहरानं २००५ साली गोल भांड्यांवर बंदीच घातली. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची, हेही खोटं. शिकवलेलं त्याच्या महिनोन्‌महिने लक्षात राहतं. हे वाचून मला अजिबात बरं वाटलं नाही. आठवण नसती तर बरं, असं वाटून गेलं.

त्या आठवड्यात टिळकवाडीत काँग्रेस विहिरीवरून जाताना थांबलो. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते त्या, ही विहीर मुद्दाम खोदली. हजारोंनी माणसं येणार म्हणून आधी पाणी तयार केलं. आम्ही आधी पाहुणे आणले आणि मग दर चार दिवसांनी त्यांच्या पाण्याचं बघत होतो.

करदंटला मी येळ्ळूरला मामाकडे नेलं. वाटेत भाताची शेतं, मांडीवर झाकण लावलेली बादली. मामाकडे म्हशींचा सिमेंटचा हौद आहे, शेवाळलेला, कित्येक वर्षांत कुणी न घासलेला. मामानं वर जाळी टाकली, बगळ्यासाठी. परवा फोनवर म्हणाला, वीतभर झालाय, म्हैस पाण्याला आली की हा तिच्या तोंडापाशी येऊन थांबतोय, आणि हौदात डासांच्या अळ्या औषधाला उरल्या नाहीत.

गोल भांडं आता कपाटावर आहे. त्यात लेकीचे रबरबँड आणि दोन तुटक्या किल्ल्या. पण काल रात्री पावणेतीनला गल्लीत हाळी उठली, मी पाइप धरायला परड्यात गेलो, तर आईनं पिंप ओतलं, हंडा ओतला, कळशी ओतली, आणि कोपऱ्यातली एक बादली तशीच ठेवली.

"ही ओतायची राहिली," मी म्हटलं.

"असू दे की," ती म्हणाली. "एक शिळी असू दे."