रेवस ते रेडी, भरतीच्या वेळेनं : आमची वाटचाल

आम्ही कोकण किनाऱ्यानं सहली नेतो. गोव्याला लवकर पोहोचायचं असेल तर आमच्याकडे येऊ नका, असं आम्ही पहिल्या फोनवरच सांगून टाकतो. त्यासाठी मुंबई-गोवा महामार्ग आहे, कोकण रेल्वे आहे. काही जणांना वाटतं, या बाईंना धंदा करायचाच नाही. तसं नाही. पण रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्यानं जाणारा हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता ज्याला घाईनं उरकायचा आहे, त्याच्याकडून पैसे घेऊन आम्ही पुढे आठवडाभर त्याची कटकट ऐकायची, हा सौदा आम्हाला परवडत नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं, नवरा घाटावरचा. मी पुण्यात एका कंपनीत हिशेब बघायचे, तो गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. दर सुट्टीत ऑफिसमधलं कोणी ना कोणी विचारायचं, ‘तुमच्या कोकणात कुठे जायचं?’ मी कागदावर रस्ता लिहून द्यायचे. कुठे जेवा, कोणती जंगलजेटी (म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट) कितीला पकडा, कुणाकडे उतरा. लोक परत आले की म्हणायचे, आता तूच घेऊन चल. २०१३ च्या दिवाळीनंतर भाड्याची एक तेरा सीटर घेऊन आम्ही पहिला गट काढला. तेव्हा लोकांना एका टोकाला अलिबाग ठाऊक होतं आणि दुसऱ्या टोकाला तारकर्ली, मध्ये फार तर गणपतीपुळे. आमचा धंदा उभा राहिला तो या तीन नावांच्या मधल्या गावांवर.

या रस्त्याची गंमत आणि अडचण एकच, ती म्हणजे खाड्या. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या इथे समुद्राला मिळतात आणि किनाऱ्याचे तुकडे पाडतात. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० नंतरच्या काळात, सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल राहिले. म्हणून आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड अशी गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी माणसं लाँचनं जायची, पण गाडी घेऊन गुहागरला जायचं तर चिपळूणवरून वळसा. समोरचा डोंगर डोळ्यांना दिसतोय आणि गाठायला अर्धा दिवस. फेरीबोट आली नसती तर आमचा हा धंदाही झाला नसता.

म्हणून आमचं वेळापत्रक घड्याळाआधी पंचांगावर ठरतं. माझे आजोबा भरतीची वेळ तोंडी काढायचे, तीच रीत आम्ही अजून वापरतो: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि रात्री पुन्हा साडेआठ-पावणेनऊला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुसरा पक्ष लागला की पुन्हा एकपासून मोजायचं. आता मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि मिनिटांचा हिशेब लागला तर आम्हीही तेच बघतो. पण महिनाभर आधी बुकिंग घेताना कॅलेंडरवरची तिथी बघून मी फोनवरच सांगू शकते, की तुम्ही म्हणता त्या तारखांना हेदवीची बामणघळ बघायला मिळेल की नाही.

बामणघळीचं उदाहरण मुद्दाम देते. काळ्या कातळाला समुद्रानं पाडलेली ही अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, आत कोंडते आणि मग पाण्याचा लोट सरळ वर उसळतो. पायाखालचा दगड हादरल्यासारखा वाटतो. ओहोटीला जाल तर नुसती फट दिसेल, आणि ‘एवढ्यासाठी आलो?’ असा चेहरा करून तुम्ही गाडीत बसाल. जेटीचंही तसंच आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ओहोटीला पाणी फार खाली जातं, धक्का आणि बोट यांच्यातला उतार वाढतो आणि बसक्या गाड्यांचा बंपर घासतो. ज्यांना स्वतःची गाडी घेऊन आमच्या मागे यायचं असतं, त्यांना आम्ही गाडीची उंची विचारूनच होकार देतो.

समुद्रात उतरण्याबद्दल आमचा नियम कडक आहे, त्यावरून आमच्यावर रुसवेही झाले आहेत. ओहोटी लागली की कुणीही गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. पाणी आत ओढतं, आणि ते शांत दिसतं तेव्हाच जास्त ओढतं. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही, म्हणजे नाही. आणि गाडी वाळूत घालायची नाही. दापोलीकडच्या कर्दे-मुरूडच्या पुळणीवर रीलसाठी गाडी पळवायची, ती रुतली आणि भरती चढायला लागली की गावात ट्रॅक्टर शोधत फिरायचं, हा तमाशा आमच्याकडच्या गावांनी पुष्कळ पाहिला आहे.

सुरुवातीला आम्हीही किनारा म्हणजे किनाराच दाखवायचो. जंगल आमच्या यादीत आलं ते फणसाडमुळे. मुरूड-जंजिऱ्याजवळचं हे अभयारण्य, एके काळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ साली संरक्षित झालं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि आत दाट झाडी. पाणवठ्यांना तिथे गाण म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड. शेकरू दिसेल अशी खात्री आम्ही देत नाही, पण पहाटे सुपेगावकडून आत गेलात आणि तोंड बंद ठेवलंत तर बहुतेक वेळा दिसतं. तोंड बंद ठेवणं हाच पुण्या-मुंबईच्या गटाला सर्वांत अवघड जाणारा साहसी प्रकार, असं नवरा म्हणतो.

वेळास हे तर आमचं आवडतं ठिकाण. नाना फडणवीसांचं गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी खाल्ली किंवा विकली जायची, ती गावातल्याच मंडळींनी जपायला घेतली. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावर ठेवलेली टोपली उघडून बघायची. पिल्लं असतील तर पुळणीवर सोडायची. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. आमच्या गटाला आम्ही आधीच सांगून ठेवतो की टोपली रिकामीही निघू शकते. एकदा एका गृहस्थांनी त्यावरून पैसे परत मागितले होते. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंच्या घरची मोदकांची दोन ताटं रिचवून झाल्यावर.

हॉटेलांत आम्ही उतरवत नाही, घरी उतरवतो. त्यामुळे ३ जून २०२० ही तारीख आमच्या सगळ्या हिशेबांच्या मध्यावर आहे. टाळेबंदीनं उन्हाळ्याचा हंगाम आधीच बुडाला होता, आणि त्या दिवशी निसर्ग वादळ आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, इकडे मंडणगड आणि दापोलीची किनारपट्टी. पत्रे आणि कौलं उडाली, ती पुन्हा घालता आली. सुपारीच्या बागांचं, म्हणजे वाड्यांचं, तसं नव्हतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ती झाडं एकाच दिवसात मोडून पडली. सुपारी लावल्यापासून फळाला यायला सात-आठ वर्षं जातात. शिवाय वाडी म्हणजे नुसती सुपारी नव्हे. तिच्या सावलीत जायफळ असतं, खोडावर मिरीचा वेल चढवलेला असतो. वरची सावली गेली की खालचं उन्हानं करपतं. ज्या घरांत आमची माणसं उतरायची, त्यांच्या वाडीचं उत्पन्न आणि पाहुण्यांचं उत्पन्न एकाच उन्हाळ्यात गेलं.

आमच्याकडे तेव्हा पुढच्या हंगामाचे आगाऊ पैसे जमा होते. सगळ्यांना फोन केले: हवे असतील तर परत देतो, नाहीतर ज्या घरी तुम्ही उतरणार होतात त्या घराला आत्ताच देतो, तुम्ही नंतर केव्हाही या. बहुतेकांनी दुसरा पर्याय घेतला. त्या पैशांतून कुणी पत्रे आणले, कुणी पडलेली झाडं कापून वाडी मोकळी केली, कुणी रोपं घेतली. आमची मात्र त्या वर्षी गाडी विकायची वेळ आली होती. विकली नाही, कारण नवऱ्यानं ती रत्नागिरी ते पुणे आंब्याच्या पेट्यांना लावली. सीट काढून ठेवल्या होत्या. पुढे कितीतरी महिने गाडीला हापूसचा वास यायचा आणि पाहुण्यांना वाटायचं, हे आम्ही मुद्दाम केलंय.

रत्नागिरीच्या खालचा भाग आम्ही नंतर जोडला. रत्नागिरीच्या अलीकडे आरे-वारेच्या घाटावरून दिसणारा समुद्र सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, म्हणून तिथे फार थांबत नाही. पूर्णगड, आंबोळगड, विजयदुर्ग इथे थांबतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग आणि स्कूबा असतं. ते आम्ही स्वतः करत नाही, प्रशिक्षित माणसांकडे देतो, आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा पाणी नितळ असतं. मे महिन्यात गढूळ पाण्यात बुडी मारून पैसे वाया घालवू नका, असं सांगितलं की तिथली मंडळी आमच्यावर थोडी नाराज होतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन फिरवतात. तिथे ना जेट स्की, ना आरडाओरडा. झाडांची मुळं पाण्याबाहेर का येतात, हे वल्हं मारता मारता त्या जितकं सोपं करून सांगतात, तितकं मला अजून जमलेलं नाही.

मधल्या काळात एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीनं विचारलं होतं, चाळीस-चाळीसचे गट देतो, तुम्ही फक्त जागेवरची व्यवस्था बघा. पैसा चांगला होता. पण चाळीस माणसं कुठल्याही काकूंच्या ओटीवर मावत नाहीत. मग हॉटेल आलं, बुफे आला, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना मध्येच शिट्टी वाजवून माणसं गोळा करणं आलं. नाही म्हणालो. अजूनही गट बाराच्या वर नेत नाही.

आता पुलांचा प्रश्न आहे. रस्ते विकास महामंडळानं या मार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायला घेतले आहेत. बाणकोटच्या खाडीत कित्येक वर्षं अर्धवट उभे असलेले खांब पाहिलेले आम्ही लोक लगेच विश्वास ठेवत नाही, पण या वेळी ते होतील असं दिसतंय. पाहुणे हळहळतात, ‘मग जेटीची मजा गेली!’ मला ते पटत नाही. रात्री शेवटची बोट सुटून गेल्यावर आजारी माणूस घेऊन जेटीवर अडकलेल्यांना जेटीची मजा विचारा. आमच्या धंद्याला थोडा फटका बसेल, पूल मात्र व्हायलाच हवा.

दाभोळचा पूल झाला की त्या दिवशीचे आमचे दीड-दोन तास मोकळे होतील. त्यात काय बसवायचं यावर घरात वाद चालू आहे. नवऱ्याला पलीकडे उतरल्यावर अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराचं दीपगृह पायी करायचं आहे. माझं म्हणणं, अलीकडेच थांबू आणि दाभोळ बंदराजवळची शाही मशीद, जिला तिथे अंडा मशीद म्हणतात, ती नीट वेळ देऊन बघू. आत्ता बोट चुकेल या भीतीनं सगळे तिथून पळत निघतात. पूल व्हायला वेळ आहे, तोवर भांडून घेतो. नोव्हेंबरच्या तारखा लावल्या आहेत. हेदवीचा दिवस एकादशीला धरला आहे.