‘हळूहळू होईल’ म्हणजे नेमके केव्हा?

जूनमध्ये माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीचा, नसेवर दाब देणारा भाग शस्त्रक्रिया करून काढला. तिसऱ्या दिवशी मी एरंडवण्यातल्या घरी परतले, तेव्हा महिनोन्‌महिने डाव्या पायातून जाणारी जीवघेणी कळ थांबलेली होती आणि त्याबद्दल मी डॉक्टरांची कायम ऋणी राहीन. अंगठा मात्र बधिरच होता. पाऊल नीट वर उचलले जात नव्हते, आणि चालताना डावी चप्पल केव्हा गळून पडली हे मागे वळून पाहिल्यावरच मला कळत असे.

सहाव्या आठवड्यातील तपासणीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘एका वेळी २० मिनिटांपेक्षा अधिक बसू नये’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि त्याच रुग्णालयाने मला पाचची वेळ देऊन पावणेआठपर्यंत लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत ताटकळत ठेवले. मी थोडा वेळ बसत होते, थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहत होते. कमरेला पट्टा बांधलेले आणखी तिघे-चौघे तसेच उभे होते. यांनी खिडकीपाशी जाऊन, कुठे आडवे होता येईल का, असे दोनदा विचारले, तेव्हा ‘नंबर आल्याशिवाय आत सोडता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. जिथे दिवसभर पाठीचेच रुग्ण येतात, तिथे आडवे होण्याजोगे एक बाकडे नसावे, हे मला आजही पटत नाही. अखेर आत गेल्यावर टाक्यांची जागा पाहून ‘छान आहे, बाकीचे हळूहळू होईल’ असे सांगण्यात आले आणि चार मिनिटांत मी बाहेर आले. पायाबद्दल विचारायचे राहूनच गेले. रिक्षा प्रत्येक गतिरोधकावर आदळत होती आणि मी यांचा हात घट्ट धरून रडत होते.

त्यानंतरचे दोन महिने सर्वांत कठीण गेले. गौरी जेवल्या त्या दिवशी मी आतल्या खोलीत पडून होते, आणि भेटायला येणारी प्रत्येक जण ‘अजून बरे नाही वाटत?’ असे प्रेमानेच विचारत असली, तरी आपलेच काहीतरी चुकत असावे अशी खूणगाठ मी मनाशी बांधून टाकली होती. दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर वाढते आणि कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, हे मला सप्टेंबरमध्ये व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितले. त्या एका वाक्याने मला जी शांत झोप लागली, ती कोणत्याही गोळीने लागली नव्हती. ते जूनमध्येच कोणी का सांगितले नाही?

तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि तो कागद हातातच ठेवावा. पुढच्या वेळी हे आधी जाऊन बसले आणि नंबर जवळ आल्याचा फोन आल्यावरच मी घरून निघाले. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकते आणि कुंथल्याने पाठीत कळ येते, म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करावे. मी ते दहा दिवस उशिरा केले. सर्वांत महत्त्वाचे आधी सांगायला हवे होते: दोन्ही मांड्यांच्या मध्ये, म्हणजे जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आता डिसेंबर चालू आहे. मागे पट्टा असलेली सँडल घालून मी रोज सकाळी कमला नेहरू उद्यानात तीन फेऱ्या मारते. अंगठ्याचे टोक अजून बधिर आहे, पण गेल्या आठवड्यात घरातली साधी चप्पल घालून मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा ती पायातच होती.