सांडव्यात अडथळा : नाही

"सायेब, तळं तुडुंब झालंय, पर सांडव्यावनं पाणी म्हणावं तसं जाईना."

१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी साडेचारच्या सुमाराचा फोन. करणारे गावातलेच एक अण्णा. अशा तलावांना चौकीदार नसतो. लघुसिंचनाचा इंजिनियर म्हणून माझ्याकडे तेव्हा असे चाळीसेक तलाव-बंधारे, सोबत एक हजेरी सहायक (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आणि माझी स्वतःची मोटारसायकल. सोलापूर जिल्ह्यात त्या दिवशी काय पाऊस झाला ते आठवत असेलच. काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेलं ते वादळ आदल्या रात्री हैदराबाद बुडवून आमच्या डोक्यावर आलं होतं. सकाळपासून जे कोसळत होतं त्याला पाऊस म्हणायचीही पंचाईत.

हा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतला. माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून रचलेला. मध्ये काळ्या मातीचं हार्टिंग म्हणजे गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग म्हणजे आवरण, उंची अकरा मीटर, लांबी २८० मीटर. कागदावर उद्देश एकच, विहिरींना पाझर. गावाच्या लेखी मात्र तो पूर अडवणारा तलाव. त्याआधी डोंगरावरून येणारा ओढा दर दोन-चार वर्षांनी वेशीत शिरायचा, गुरं न्यायचा. तलाव झाला आणि ओढ्याचा धाक गेला. मग ओढ्याच्या पात्रात आधी गोठे आले, मग पत्र्याची घरं, मग घरकुलं. २०२० पर्यंत चौदा उंबरे. त्यातल्या नव्या सुनांना तिथे ओढा होता हेच ठाऊक नव्हतं.

आणि पाझर तलावाला विमोचक नसतो. कालवा नाही, दरवाजा नाही, चावी फिरवून सोडायचं पाणी नाही. जास्तीचं पाणी जायला वाट एकच, डाव्या अंगाला मुरमात खोदलेला सांडवा. ती तुंबली की पाणी भरावाच्या माथ्यावरून जाणार, आणि मातीच्या भरावाच्या माथ्यावरून वाहिलं की ते मागची बाजू बघता बघता खात जातं.

पावणेसहाला पोचलो. सांडव्याच्या उंबऱ्यावर खताच्या गोण्यांचे दोन थर. वर मासेमारीवाल्यांची नायलॉनची जाळी खुंट्यांना ताणून बांधलेली, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. जाळीत बेशरमाच्या फांद्या आणि कडब्याचा चिखल गच्च. हे किती महाग पडतं ते सांगतो, कारण वरिष्ठांनाही मला पाटीवर लिहून दाखवावं लागलं. सांडवा तीस मीटर रुंद. उंबऱ्यावरून मीटरभर पाणी चढलं तर सेकंदाला पन्नास घनमीटर निघून जातं. गोण्यांनी उंबरा अर्धा मीटर उचलला, की त्याच पातळीला उरतात जेमतेम अठरा. निम्मी उंची कापली की निम्मं पाणी कमी होईल असं वाटतं. होतं दोन-तृतीयांश. जाळीचं नुकसान त्यात धरलेलंच नाही.

माथा उंबऱ्यापासून दीड मीटर उंच, म्हणजे पाण्याच्या वर अर्धा मीटर उरायला हवा होता. पण मधोमध ट्रॅक्टर आणि गुरं जाऊन जाऊन भराव बसलेला. तिथे मी वीत लावून बघितली. दीड वीत.

तेवढ्यात खालून मामांची हाक. भरावाच्या दगडी पायथ्याच्या पुढे एका जागी जमिनीतून पाणी उकळत होतं. टोपलीएवढा घेर, कडेला बारीक मातीची गोल कड चढलेली. मामांनी खिशातली पाण्याची बाटली रिकामी केली, त्या पाण्याने भरली आणि मोबाइलच्या उजेडात धरली. स्वच्छ पाझर असता तर भ्यायचं कारण नव्हतं, मातीचं धरण थोडं झिरपतंच. बाटलीतलं पाणी ताकासारखं होतं. म्हणजे पाण्याबरोबर भरावाचं पोट बाहेर यायला लागलं होतं.

पोरांनी उत्साहाने ट्रॅक्टरभर काळी माती आणली होती, भोक बुजवायला. मी ओरडलो. गळती बुजवायची नसते, गाळायची असते. तोंड दाबलं तर पाणी शेजारून दुसरं तोंड काढतं आणि तिथून भराव आतून पोखरतं. पाणी जाऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची : आधी वाळू, वर बारीक खडी, मग मोठे दगड आणि भोवती गोण्यांचं कडं. हे मी कॉलेजात लिहून दहा मार्क मिळवले होते. करायची वेळ सतरा वर्षांत पहिल्यांदाच आली. वाळू कुठली? अण्णांच्या दारात घरकुलासाठी टाकलेली दोन ब्रास होती. "घ्या," म्हणाले, एवढंच. पाऊण तासाने मामांनी पुन्हा बाटली भरली. गढूळ, पण आरपार बोट दिसत होतं. चौथ्या बाटलीला पाणी नितळलं.

खरी अडचण गोण्यांची होती. काढल्या की पाणी सुटणार आणि नेमकं त्या चौदा घरांवर जाणार. कारण सांडव्याची चारी, जी ओढ्याला गावाच्या खाली मिळायला हवी, ती कुणीतरी नांगरून ज्वारीच्या पेऱ्यात घेतली होती. तालुक्याला फोन केला. उत्तर आलं, घरं रिकामी झाल्याशिवाय हात लावू नका आणि तलाव फुटू देऊ नका. दोन्ही एका दमात. सरपंचबाई मात्र कामाच्या निघाल्या. शाळा मार्चपासून बंद, किल्ली गुरुजींकडे तालुक्याला, बाईंनी पाट्याने कुलूप फोडलं. आठ वाजेपर्यंत माणसं वर्गात आणि शेळ्या व्हरांड्यात.

मग कमरेला दोर बांधून चौघं उतरलो. गोण्या भरावाच्या बाजूने काढायच्या नाहीत, नाहीतर सुटलेली धार भरावाचा खांदाच कापते. डोंगराकडच्या टोकाने सुरुवात केली. आधी कोयत्याने जाळी. ती सुटली तसा एकच आवाज झाला, पोत्यातून ज्वारी ओतावी तसा, आणि दोर ताठ झाला. गोण्या भिजून फुगलेल्या, उचलल्या की शिवण उसवून हातात फक्त पोतं यायचं. साडेदहापर्यंत निम्मा उंबरा मोकळा झाला, पुढचं काम पाण्यानेच केलं. रात्री दीडला पातळी वीतभर उतरलेली होती.

नऊ घरांत गुडघाभर पाणी गेलं. दोन गोठे पडले, एका चाळीतला कांदा सडला. माणूस गेला नाही. सकाळी एक बाई चिखल काढता काढता म्हणाली, "कुणाला विचारून पानी सोडलंत?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, तेव्हाही काही बोललो नाही.

बोलायला हवं होतं ते असं. मे २०१९, टँकरवर जगणारं गाव. अण्णा आणि चार जण ऑफिसात आले होते. सांडव्यावर दोन थर गोण्या लावतो, पाऊस पडलाच तर दोन महिने जास्त पाणी टिकेल. मी म्हणालो, लावा, पण तलाव भरत आला की काढा. त्यानंतर दीडच महिन्यात, २ जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. धरण खेकड्यांनी पोखरलं असं मंत्री म्हणाले आणि राज्यभर खेकड्यांवर विनोद झाले. बिळं भरावाला वाईटच असतात, पण बिळं बुजवायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो, हे त्या विनोदात कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे तातडीने सगळ्या तलावांच्या तपासण्यांचे आदेश आले. तीन दिवसांत चाळीस तलाव. नमुन्यात एक रकाना आहे, "सांडव्यात अडथळा : होय / नाही". तलाव तेव्हा कोरडा ठणठणीत होता, गोण्या मला ठाऊक होत्या. मी "नाही" लिहिलं. "होय" लिहिलं असतं तर कुणी परवानगी दिली हे विचारलं गेलं असतं. २०२० ची मान्सूनपूर्व तपासणी लॉकडाऊनमध्ये टेबलावरच झाली, आदल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून.

२०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. पंधरा मीटरच्या वरची धरणं त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरची असतील तर सोबत लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर असं काही तरी लागतं. आमचा तलाव अकरा मीटर, साठा अडीच लाख. कशातच बसत नाही.

पुराच्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णा वाळूचे पैसे मागायला आले. मी लघुसिंचनाच्या खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली दोन ब्रास वाळू बसवता येईल ते शोधत होतो. पूरदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दगडाचं पिचिंग होतं, वाळू नव्हती. तसं सांगितलं. ते बराच वेळ बसले, चहा घेतला. उठताना म्हणाले, "सायेब, गोण्या तुमाला इचारूनच लावल्या हुत्या." आवाजात धमकी नव्हती, तक्रारही नव्हती. पुढच्या पगारातून मी पैसे दिले. पावती मी मागितली नाही, त्यांनीही विचारलं नाही.