सिकंदराचं रेशन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असं ग्रुपवर सांगितलं तेव्हा मला पहिले आठवले ते इतिहासाचे सर. त्यांना लढायांपेक्षा सैन्याच्या जेवणाची काळजी जास्त. सिकंदराचा धडा म्हणजे आपल्याला काय, झेलमची लढाई, पोरसचं ते बाणेदार उत्तर आणि मग बियासच्या काठावर सैन्य कंटाळलं, संपलं. सर फळ्यावर नकाशा काढायचे नि विचारायचे, माणसं इ.स.पू. ३३४ ला निघालीत, आता ३२६ आलं, आठ वर्षं ही खातायत काय, घोड्यांना घालतायत काय? आम्ही गप्प.

लढाई त्यांनी पाच मिनिटांत उरकली, पावसाळी रात्री लांब वर जाऊन नदी ओलांडली, पोरसचे रथ चिखलात रुतले, झालं. खरी गंमत परतीची. सिंधूच्या मुखापासून सिकंदर ३२५ मध्ये मकरानच्या वाळवंटात शिरला (आजचं बलुचिस्तान), सोबत सैन्य, बायका, पोरं, व्यापारी, सगळं लटांबर. साठ दिवस. पाणी नाही, उन्हामुळे चाल रात्रीची, वाऱ्याने वाळू सरकून वाटा पुसलेल्या त्यामुळे वाटाडेही चुकले. एका रात्री ओढ्याकाठी मुक्काम होता, वर कुठेतरी पाऊस झाला आणि लोंढा आला, त्यात बहुतेक बायका-पोरं आणि सामान वाहून गेलं. म्हणजे तहानेने मरणाऱ्यांना पाण्यानेच मारलं. सैनिक आपलेच घोडे-खेचरं मारून खायचे आणि सांगायचे तहानेने मेली, सिकंदराला कळत होतं पण तो कानाडोळा करायचा. समुद्रामार्गे येणाऱ्या आपल्या आरमारासाठी धान्य पाठवलं तर त्यावरचं त्याचं स्वतःचं सील फोडून लोकांनी खाल्लं, तेही माफ! वर्गात हे ऐकताना आम्ही मधल्या सुट्टीची बेल विसरायचो, आणि आमच्या बॅचबद्दल हे म्हणजे फारच झालं.

आता माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, त्यामुळे सरांशी मनातल्या मनात भांडण चालूच असतं. त्यांचं म्हणणं, सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याचं आरमार किनाऱ्याने येणार होतं, त्याच्यासाठी विहिरी खणायच्या, धान्य ठेवायचं म्हणून सिकंदर त्या वाटेने गेला. मला नाही पटत. आरमार निघालं मागाहून, वारा फिरायची वाट बघत बसलं होतं, आणि वाटेत दोघांची गाठच पडली नाही, पडली ती पार पुढे कर्मानियात (आजच्या इराणात), तेव्हा निआर्कस इतका खंगलेला नि मळलेला की त्याला घ्यायला आलेल्यांनीच ओळखलं नाही. आणि सिकंदराचा सेनापती क्रॅटेरस हत्ती नि थकलेले सैनिक घेऊन उत्तरेकडच्या, वाळवंट टाळणाऱ्या वाटेने आलाच की नीट, म्हणजे दुसरा रस्ता होता ना! इराणचा सम्राट सायरस आणि दंतकथेतली असिरियाची राणी सेमिरॅमिस यांना सैन्यासह हे वाळवंट ओलांडणं जमलं नाही असं म्हणतात, ते करून दाखवायची खुमखुमी होती, दुसरं काय. सर असते तर म्हणाले असते, गाढवा, खुमखुमी आणि आरमार दोन्ही कारणं लिही, चार मार्कांचा प्रश्न आहे.